सायकल हाती धरून चाला

मे २०२५ मध्ये मी नऊ दिवस इटलीत सायकल चालवून आलो. तेव्हापासून आमच्या विहारात रविवारी येणारी मुले मला गाठून एकच प्रश्न विचारतात, "काका, इटली कशी आहे हो?" मी कधी "छान आहे" म्हणतो, कधी "तशी बरी आहे" म्हणतो. दोन्ही उत्तरे खरी आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. म्हणून या खेपेला सदरातूनच सविस्तर सांगतो.

आधी एक खुलासा. मी काही खेळाडू नव्हे. कचेरीतला कारकून. घर ते कचेरी हे सात किलोमीटर वीस वर्षे सायकलने करतो, एवढाच माझा सराव. माझी पुतणी शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर बोलोन्या शहरातल्या विद्यापीठात शिकते. हे विद्यापीठ १०८८ साली सुरू झाले असे मानतात. तिनेच फोनवर टुमणे लावले, "काका, तुम्ही याच. इथं नदीच्या बांधावरून सपाट रस्ता आहे. आपण दोघं सायकलनं फिरू."

घरी ही गोष्ट काढली तेव्हा सौ. म्हणाली, "रोज चालवता तेवढी पुरत नाही का? एवढं विमानानं जायचं आणि तिथंही सायकलच?" तिचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. तरी पतपेढीतली ठेव मोडली, अर्जित रजा टाकली, व्हिसासाठी पासबुकाच्या प्रती आणि पगारपत्रके जोडली, नव्वद युरोंची फी भरली आणि निघालो.

जाण्याचे खरे कारण मात्र सौ.लाही सांगितले नव्हते. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, बांधकाम खात्यात मैलकुली होते. ठरलेल्या मैलांतला रस्ता सांभाळायचा, खड्डे भरायचे, पावसाळ्यात मोऱ्या मोकळ्या करायच्या. त्या कामासाठी त्यांनी जुनी सायकल घेतली होती. आमच्या वस्तीतली ती पहिली सायकल. घरात एवढ्या किमतीची दुसरी वस्तू नव्हती. आबा ती रोज पुसत. इटलीतल्या रस्त्यावर मी पहिल्यांदा बसलो तेव्हा मनात आले, हा रस्ता आबांनी पाहिला असता तर कडेची मोरी आधी तपासली असती!

आमचा मार्ग असा होता. बोलोन्याहून सायकलीसह रेल्वेने पेस्किएरा. हे गाव गार्दा नावाच्या मोठ्या सरोवराच्या काठी आहे. तिथून मिंचो नदीच्या काठाकाठाने मांतोव्हा, पुढे पो नदीच्या बांधावरून फेर्रारा, मग समुद्राकडे कोमाक्यो, राव्हेन्ना, लुगो आणि शेवटी फोर्ली. पो ही इटलीतली सर्वांत लांब नदी. तिच्या खोऱ्यात चढ जवळजवळ नाहीत. रोज चाळीस ते साठ किलोमीटर चालवायचे असे ठरवले होते. पुतणीची सायकल तिची स्वतःची, माझी भाड्याची.

रेल्वेत सायकल न्यायची सोय चांगली आहे. साध्या गाडीला साडेतीन युरोंचे वेगळे तिकीट काढले की चोवीस तास सायकल नेता येते. ज्या डब्यात सायकली ठेवायच्या त्यावर सायकलीचे चित्र असते. मात्र एका स्टेशनावर उद्वाहक इतका अरुंद होता की सायकल उभी करूनही आत मावेना. मग सामान सोडले, सायकली खांद्यावर घेतल्या आणि जिना उतरलो. पुतणी हसून म्हणाली, "काका, इथं अर्धं काम फार सुंदर करतात, उरलेलं अर्धं आपल्यावर सोडतात." हे वाक्य पुढे नऊही दिवस उपयोगी पडले.

पेस्किएरा ते मांतोव्हा हा सुमारे पंचेचाळीस किलोमीटरचा सायकलरस्ता म्हणजे निव्वळ सुख. मोटारगाडी नाही, भोंगा नाही. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला शेती. मे महिन्यात पॉप्लरच्या झाडांचा कापूस उडत असतो, तो रस्त्याच्या कडेला पांढरा साचतो. आजोबा नातवंडांना घेऊन चाललेले, बाया भाजी आणायला निघालेल्या. कुणालाही घाई नव्हती.

मांतोव्हाला नदीचे पाणी पसरून तीन तलाव झाले आहेत. त्यातल्या एका तलावात चक्क कमळे आहेत! आपल्या आशिया खंडातले हे कमळ १९२१ साली एका विद्यार्थिनीने तिथे लावले. आज ते इतके पसरले आहे की दरवर्षी काढून आवरावे लागते. फुले जुलै-ऑगस्टमध्ये येतात. आम्हाला फक्त पाने दिसली, तरी ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटले.

मांतोव्हाच्या पुढे एक माणूस भेटला. त्याची गोष्ट मी विसरू शकत नाही.

पो नदी ओलांडून आम्ही रेव्हेरे गावाजवळ आलो होतो. संध्याकाळ झाली होती. बांधावरचा रस्ता एके ठिकाणी संपला आणि आम्ही साध्या डांबरी रस्त्यावर उतरलो. तिथे सायकलींसाठी वेगळी पट्टी नव्हती, दिवेही नव्हते. समोरून एक इसम जुन्या सायकलवरून येत होता. डोक्याला पगडी, अंगात चमकणारे पिवळे जाकीट. आम्हाला पाहून त्याने पाय टेकला. "इंडिया से?" म्हणाला. पंजाबातला शेतकऱ्याचा मुलगा. तिथल्या गोठ्यावर कामाला होता. पहाटे आणि संध्याकाळी गाई पिळायच्या. त्या भागातल्या दुधाचे पार्मिजानो चीज बनते, जगभर नावाजलेले. मांतोव्हा आणि आसपासच्या जिल्ह्यांत गोठ्यांचे काम करणारे हजारो पंजाबी लोक आहेत. नोव्हेल्लारा नावाच्या गावी त्यांचा मोठा गुरुद्वाराही आहे.

आम्ही सायकलने फिरायला आलो आहोत हे ऐकून तो मोठ्याने हसला. म्हणाला, "कमाल है भाईसाब! हम साइकिल से उतरने के लिए पैसे जोड़ रहे हैं, और आप पैसे देकर साइकिल पे बैठे हो!"

आम्हीही हसलो. पण मग तो बोलत गेला. येण्यासाठी दलालाला पैसे द्यायला वडिलांनी जमीन विकली. सांगितलेले काम वेगळे, मिळालेले वेगळे. कागद कोणत्या भाषेत होते हेही त्याला कळले नव्हते. सहीसाठी जागा दाखवली, तिथे सही केली. काही वर्षे फार वाईट गेली. आता कागद रीतसर आहेत, मालक बरा आहे, पगार वेळेवर होतो. त्याचा एक सोबती मात्र याच रस्त्यावर अंधारात गाडीची धडक बसून जायबंदी झाला. इटलीत रात्री गावाबाहेर सायकल चालवताना चमकणारे जाकीट घालण्याची सक्ती आहे. "जॅकेट घालतो, पण रस्ता कुठाय?" असा त्याचा प्रश्न होता. आम्ही दिवसभर ज्या सुंदर रस्त्यावरून आलो तो फिरणाऱ्यांसाठी होता. तो गोठ्यापर्यंत जात नव्हता.

मंडळी, इटलीत शेतमजुरांचा पुरवठा करणाऱ्या मुकादमी पद्धतीला 'कापोरालातो' म्हणतात. तिच्याविरुद्ध २०१६ साली कडक कायदा झाला. तरी जून २०२४ मध्ये रोमच्या दक्षिणेला लातिना जिल्ह्यात एका भारतीय शेतमजुराचा हात यंत्रात सापडून तुटला आणि त्याला दवाखान्यात नेण्याऐवजी राहत्या जागेजवळ टाकून देण्यात आले. तो तरुण वाचला नाही. पुढे तिथल्या कामगार संघटना रस्त्यावर उतरल्या, मालकाला अटक झाली. हे सगळे पेपरात वाचले होते. पण रस्त्यावर एक पाय टेकून उभा असलेला माणूस समोर बोलतो, तेव्हा तीच बातमी वेगळी ऐकू येते.

त्या रात्री पुतणी जेवली नाही नीट. म्हणाली, "काका, मीही परदेशातच आले ना? माझ्या हातात शिष्यवृत्तीचं पत्र होतं, एवढाच फरक." मी म्हणालो, "एवढाच नाही बाळा. तू पत्र वाचलं होतंस."

तिसऱ्या दिवशी फेर्रारा. या शहराला इटलीतले लोक सायकलींचे शहर म्हणतात आणि ते खोटे नाही. सूट घातलेले वकील सायकलवर, जोगिणी सायकलवर, पंच्याहत्तरीच्या आजी हॅन्डलला पिशवी अडकवून सायकलवर! शहराभोवती सुमारे नऊ किलोमीटरचा जुना तट आहे, त्यावरूनही सायकल फिरवता येते. सायकलवाला म्हणजे गरीब, ही आपली समजूत तिथे टिकत नाही. आपल्या कचेरीत मी सायकल लावतो तेव्हा पहारेकरी अजून मागच्या बाजूला बोट दाखवतो. तिथे नगरपालिकेच्या दारासमोरच सायकलींची रांग होती.

शहराच्या मध्यभागी एका गर्दीच्या गल्लीच्या तोंडाशी पाटी होती. पुतणीने अर्थ सांगितला, "इथून सायकल हाती धरून चाला." मी उतरलो. माझ्या पुढचे सुटातले गृहस्थ उतरले, मागची शाळकरी मुलगी उतरली, झाडूवालाही आपली सायकल हाती धरून चालू लागला. आणि मला रस्त्यातच थांबावे लागले.

कारण आबाही सायकलवरून उतरत असत. आमच्या गावात वेशीपाशी आले की आमच्या माणसाने सायकलवरून उतरायचे, वाड्यांवरून सायकल हाती धरून चालत जायचे आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा बसायचे. तशी पाटी कुठे नव्हती. सगळ्यांना ठाऊक होते. सरकारने ज्याला रस्ता सांभाळायला पगार दिला, त्यालाच त्या रस्त्यावर सायकलवर बसायची मनाई! आबांनी हे आम्हाला एकदाच सांगितले, तेही मी शाळेत सायकलवरून पडून आलो आणि "आता बसणार नाही" म्हणालो तेव्हा. म्हणाले, "पडलास तरी बसायचं. उतरायला लावणारे पुष्कळ भेटतील."

पुतणी जवळ आली, "काय झालं काका?" मी तिला हे सांगितले. तिला माहीत नव्हते. तिच्या बापालाही बहुधा आबांनी सांगितले नसावे. सायकलवरून उतरण्यात अपमान नाही. गर्दीत लहान मुले चालतात, उतरायलाच हवे. एकट्यालाच उतरायला लावण्यात अपमान आहे. नियम सर्वांना सारखा असला की तो पाळताना मान खाली जात नाही, हे मी त्या गल्लीत शिकलो.

याच फेर्रारात त्या देशाची दुसरी बाजूही दिसली. तिथे १६२७ पासून ज्यू लोकांना ठराविक गल्ल्यांत कोंडून ठेवले होते. रात्री दरवाजे बंद होत. अशा वस्तीला 'घेट्टो' म्हणतात आणि हा शब्द १५१६ साली व्हेनिसमध्ये झालेल्या वस्तीपासून रूढ झाला. बाबासाहेबांनी आपल्या एका हस्तलिखिताला 'अनटचेबल्स ऑर द चिल्ड्रन ऑफ इंडियाज घेट्टो' हे नाव दिले होते, ते त्यांच्या ग्रंथांच्या पाचव्या खंडात छापले आहे. तो शब्द मी पुस्तकात वाचला होता. आता त्या गल्लीतून सायकल हाती धरून चाललो.

इटलीत १९३८ साली ज्यूंविरुद्ध वंशभेदाचे कायदे झाले आणि पुढे जर्मन फौजांच्या ताब्यात त्यांची धरपकड झाली. त्या काळातली जिनो बार्ताली या सायकलपटूची हकीकत तिथे सांगतात. त्यांनी इटलीची मोठी शर्यत 'जिरो' तीनदा आणि फ्रान्सची 'टूर' दोनदा जिंकली. १९४३-४४ मध्ये सरावाच्या नावाखाली ते फ्लोरेन्स आणि असिसी या शहरांमध्ये फेऱ्या करीत आणि ज्यूंना वाचवण्यासाठी लागणारी बनावट ओळखपत्रे सायकलच्या नळीत लपवून नेत, असे सांगितले जाते. हयातीत त्यांनी याचा गवगवा केला नाही. २००० साली ते वारले. इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने २०१३ मध्ये त्यांचा गौरव केला. सायकलच्या पोकळ नळीत माणसांचे प्राण मावतात, हे मुलांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

फेर्राराहून कोमाक्योला गेलो. तिथल्या खाजणात ठाण्याच्या खाडीत दिसतात तसे रोहित पक्षी पाहिले. डास मात्र दोन्हीकडे सारखेच! पुढे राव्हेन्नाकडे जाताना वाट चुकलो आणि चार-पाच किलोमीटर 'रोमेआ' नावाच्या हमरस्त्यावरून जावे लागले. मालमोटारी इतक्या जवळून जात की वाऱ्याने सायकल हलत होती. सायकलवाल्याला ओलांडताना, रस्ता तसा असेल तर, दीड मीटर अंतर ठेवावे असा नियम तिथे डिसेंबर २०२४ पासून आहे. त्या ट्रकवाल्यांनी तो वाचलेला दिसला नाही. मी पुतणीला पुढे घातले आणि मनातल्या मनात त्रिसरण म्हणत चालवत राहिलो.

राव्हेन्नाच्या पश्चिमेला लुगो परिसरात सेनिओ नदी लागते. नदी लहान, पण दोन्ही बाजूंना उंच मातीचे बांध. मे २०२३ मध्ये या भागातल्या नद्यांना मोठा पूर आला होता. काही भिंतींवर पाण्याची रेघ अजून दिसते. आमचे तिथे जाण्याचे कारण वेगळे होते. याच नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजी मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई नामदेव जाधव लढले. ते तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमज गावचे. दोन जखमी सोबत्यांना त्यांनी एकेक करून पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून पाठीवर आणले आणि मग शत्रूची मशीनगनची ठाणी बंद पाडली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच रेजिमेंटचे रायगड जिल्ह्यातले यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना पडले. त्यांनाही मरणोत्तर तोच मान मिळाला. इटलीच्या लढाईत पाच हजारांहून अधिक भारतीय सैनिक कामी आले.

शेवटच्या दिवशी फोर्लीच्या भारतीय सैनिकांच्या स्मशानभूमीत गेलो. हिरवळ नीट कापलेली, दगड स्वच्छ. एका बाजूला दफन झालेल्यांचे दगड, दुसरीकडे ज्यांचे दहन झाले त्यांच्या नावांचे स्मारक. नावे वाचत गेलो. मराठी वळणाचे नाव आले की पुतणी मोठ्याने उच्चारी. या पोरांना इथे कुणी सहलीला आणले नव्हते. दुसऱ्यांच्या राज्यासाठी, दुसऱ्यांच्या देशात ती मेली. आम्ही सायकली बाहेर उभ्या केल्या होत्या. इथे पाटी नव्हती, तरी हाती धरूनच फाटकापर्यंत आलो होतो.

आता कारकुनाचा हिशेब. जमेच्या बाजूला: नदीकाठचे रस्ते, जुन्या शहरांत मोटारींना केलेली मनाई, चौकाचौकात पिण्याच्या पाण्याचा फुकट नळ, आणि कुणीही जात विचारली नाही ही गोष्ट. खर्चाच्या बाजूला: दुपारी दुकाने बंद, पंक्चरचे सामान मिळेना. खाणावळीत जेवणाव्यतिरिक्त नुसते बसल्याचे दरडोई दीड-दोन युरो, आणि तीच कॉफी उभ्याने प्याली तर स्वस्त, बसून प्याली तर महाग. सायकलरस्ता भरात असताना अचानक संपतो. चोऱ्या होतात. पुतणीची पहिली सायकल बोलोन्यात चोरीला गेली, आता ती दोन कुलपे लावते. १९४८ सालचा 'बायसिकल थीव्ज' हा इटालियन चित्रपट काही वाचकांनी पाहिला असेल. नोकरीसाठी चादरी गहाण ठेवून सोडवलेली सायकल चोरीला जाते, एवढीच त्याची कथा. सायकल गेली म्हणजे भाकरी गेली. आबांना तो चित्रपट समजावून सांगावा लागला नसता. गोठ्यावरच्या त्या पंजाबी भावालाही लागणार नाही.

परत आल्यावर गावी गेलो. आबांची सायकल भावाने माळ्यावर ठेवली होती. ती काढली, टायर बदलले, तेल घातले आणि वेशीतून आत बसूनच गेलो. वाडे गेले, चावडी गेली. कुणी काही म्हणाले नाही. कुणी वर पाहिलेही नाही. पोरे मोबाइलमध्ये होती. हे आबांना पाहायला मिळाले नाही, एवढेच वाईट वाटले.

तर मुलांनो, इटली कशी आहे? शहरात सायकलवाल्याला मान देणारी आहे आणि गोठ्याच्या रस्त्यावर त्याला अंधारात सोडणारी आहे. दोन्ही एकाच देशात आहे आणि दोन्ही ठिकाणी आपली माणसे आहेत. तुम्ही जरूर जा. पण दलालाच्या हाताने जाऊ नका. घरची जमीन, आईचे दागिने विकून न वाचलेल्या कागदावर सही करू नका. परदेश शिष्यवृत्तीची चौकशी समाजकल्याण कार्यालयात होते. उत्पन्नाचा दाखला आणि जातवैधता प्रमाणपत्र यांना वेळ लागतो, ते आधीपासून काढून ठेवा. अर्ज भरायला मदत लागली तर मी दर रविवारी सकाळी विहारात असतो.

बाहेर सायकल दिसली की मी आत आहे असे समजावे.